नेसणीचा सिनेमा

कनकलता रोज सकाळी उठली की सगळ्यांत आधी शेजारच्या खोलीत जायची. तिथल्या कॉटवरची घडी न मोडलेली चादर विस्कटायची, उशीच्या मधोमध मूठ दाबून खळगा पाडायची, आणि मगच खाली दूध आणायला उतरायची. त्या कॉटवर कामाक्षी झोपते अशी सगळ्यांची समजूत होती, आणि केर काढायला येणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी ती रोज पक्की होत होती. एखादा पाहुणा वगळला तर पंचवीस वर्षांत त्या कॉटला कोणाची पाठ लागली नव्हती. पण चादर मात्र रोज विस्कटलेली असायची.

माणूस किती गोष्टींना भिऊ शकतं याचा अंदाज कनकलताकडे पाहून आला असता. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दचकायची. बाजारात कोणी नुसतं ‘दोघी आज बरोबर?’ असं विचारलं तरी घरी येईपर्यंत त्या ‘बरोबर’चा अर्थ लावत बसायची. मुलींच्या शाळेत तिने गणित शिकवलं, आणि वर्गातल्या पोरी तिला चळाचळा कापत. आपल्या टीचर घरी कशाकशाला कापतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

घर तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. जुनं कौलारू पाडून तिच्या थोरल्या भावाने, अनिरुद्धरावांनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, बांधलेलं दुमजली काँक्रीटचं घर. खाली अनिरुद्धराव आणि त्यांची बायको वरलक्ष्मी, वर कनकलता आणि कामाक्षी. कामाक्षी तमिळ, पापनाशमकडची, सरकारी इस्पितळातली नर्स. कनकलताच्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ड्यूटी संपवून ती आईला पाठ पुसायला, कूस बदलायला यायची. मग सोयीचं पडतं म्हणून वरच्या मजल्यावर भाडेकरू झाली. आई गेली, इस्पितळातली नोकरीही संपली, पण भाडेकरू काही गेली नाही. गल्लीत सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणत, आणि कोणाचा रक्तदाब मोजायचा असला की वरच्या मजल्याची घंटा वाजवत.

अनिरुद्धराव म्हणजे बोलायला जणू कर पडतो असं समजणारा माणूस. सरकारी कचेरीत उभा जन्म गेला, तिथेही म्हणे त्यांच्या तोंडून ‘हूं’ आणि ‘ठेवा’ यापलीकडे फारसं काही निघत नसे. घरातही तेच. खालच्या पडवीत खुर्ची टाकून पेपर वाचायचे, वर जाणाऱ्या-येणाऱ्याकडे चष्म्यावरून एकदा बघायचे, आणि परत पेपरात डोकं घालायचे. कनकलताला उभ्या जगात सगळ्यांत जास्त भीती वाटायची ती या चष्म्यावरून बघण्याची. ज्या दिवशी अण्णांच्या लक्षात येईल त्या दिवशी कामाक्षीला या घरातून जावं लागेल, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. अण्णा तसं काही बोलले नव्हते. अण्णा काहीच बोलले नव्हते, आणि तेच तर भयंकर होतं.

आता यात सिनेमा कुठून आला, ते सांगायला हवं.

तंजावरच्या मराठी घरांत नऊवारी आता लग्नात आणि एखाद्या पूजेलाच नेसतात, आणि इथल्या धाटणीने नीट नेसवू शकणाऱ्या बायका शोधाव्या लागतात. कनकलताला ते आईकडून आलं होतं. कोणाकडे लग्न निघालं की तिला बोलावणं यायचं. ती पहाटे जायची, नवरीला उभी करायची, आणि एकच गोष्ट तिला पुनःपुन्हा सांगायची, ‘श्वास सोड.’ पोरी पोट आत ओढून, श्वास धरून उभ्या राहतात. तशात निऱ्या खोचल्या तर पंक्तीला बसल्यावर कंबर काचते आणि पोरगी अर्धपोटी उठते. म्हणून आधी श्वास सोडायचा, मग निऱ्या खोचायच्या. गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्या ‘श्वास सोड’ने लग्नाला उभ्या राहिल्या होत्या. थट्टेत तिला ‘श्वास-सोड टीचर’ही म्हणत.

कामाक्षीचा उजवा खांदा धरला तेव्हापासून तिची साधी सहावारीही कनकलताच नेसवायची. रोज आंघोळीनंतर. गुडघ्यांवर बसून निऱ्यांची खालची टोकं सारखी करायची, ‘श्वास सोड’ म्हणायची, निऱ्या खोचायची, आणि मग क्षणभर तिथेच, कामाक्षीच्या कमरेशी, कपाळ टेकायची. कामाक्षीचा डावा हात तिच्या केसांवर यायचा. मग दोघी आपापल्या कामाला लागायच्या. यात विशेष काही आहे असं दोघींनाही आता वाटत नसे.

पुण्याहून दिव्यश्री नावाची एक तरुण दिग्दर्शिका आली ती तंजावरी नेसण शोधत. दोनशे वर्षांपूर्वीच्या इथल्या दरबारावर सिनेमा करायचा होता तिला. वर बसून काफी घेता घेता तिने सरळ सांगितलं, ‘राणी आणि तिला नेसवणारी दासी. दोघींचं प्रेम आहे. राजवाड्याला ते कळतं.’ कनकलताचे कान तापले. तेव्हाच ‘मला वेळ नाही’ म्हणून मोकळं व्हायचं. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी तिला आनंद झाला. इतक्या दुरून कोणी पोरगी येते, तिला ही गोष्ट सांगण्यासारखी वाटते, आणि ती सांगताना तिचा आवाज खाली जात नाही, याचाच आनंद झाला. तिने ट्रंकेतून आईची नऊवारी काढली आणि नेसवून दाखवायला कामाक्षीला उभी केली.

मोबाइलवर दिव्यश्री चित्रण करत होती. कनकलता गाठ मारत, निऱ्या घालत, कासोटा मागे घेत सगळं समजावून सांगत गेली, ‘श्वास सोड’ म्हणाली, निऱ्या खोचल्या, आणि हाताला जी सवय ती कपाळालाही. डोकं आपसूक पुढे झुकलं आणि टेकलं. वर कामाक्षीचा हात केसांत. भानावर येऊन ती उठली तेव्हा दिव्यश्रीने मोबाइल खाली घेतला नव्हता. ‘परत एकदा दाखवाल?’ तिने विचारलं.

आणि या भित्र्या बाईने परत एकदा दाखवलं. माणसाला धीर येतो तोही असा, नको तेव्हा. नंतर वर्षभर तिला त्याचा पस्तावा पुरला.

सिनेमा झाला, पुण्या-मुंबईकडे लागला, म्हणे गाजला. कनकलताने मनाची समजूत घातली की तिकडचं तिकडे, इथे कोण बघतंय. पण इथे हरिप्रसादराव होते. मराठी सभेचे चिटणीस, लांबचे नातलग, आणि सत्कार करण्याचा भलता सोस. आपल्या माणसांवर सिनेमा निघतो, त्यात आपल्या कनकाचं नाव येतं, मग सभेने तो सगळ्यांना दाखवायला नको? त्यांनी फोन करून परवानगी मिळवली, लग्नाचा हॉल ठरवला, शालही आणली. पुण्याहून फोनवर आलेलं पोस्टर घेऊन ते जिना चढून वर आले.

‘हे वाच,’ ते म्हणाले. ‘चित्र झक्क आहे. खालीं काय लिहिलंय तें मला लागत नाहीं.’

लागणार कसं? घरात मराठी बोलायची आणि लिहायची वेळ आली तर तमिळ अक्षरांत लिहायची, अशीच इथली रीत. देवनागरी वाचणारी माणसं उरली थोडी, त्यांतली एक कनकलता. पोस्टरवर राजवाड्याचे खांब होते आणि नऊवारीतल्या दोन बाया होत्या. हरिप्रसादरावांनी त्यांना जावा-जावा समजून टाकलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘दोन स्त्रियांच्या प्रेमाची, राजवाड्याने गाडून टाकलेली कहाणी.’

तिने ते मनात वाचलं. तोंडाने वाचायचं म्हटलं तर ‘प्रेम’ हा शब्द हरिप्रसादरावांसमोर उच्चारायला हवा होता. मग ते विचारणार, तुला हें ठाऊक होतं? ठाऊक असून तूं शिकवायला गेलीस? का गेलीस? या ‘का’पर्यंत तिला गोष्ट जाऊ द्यायची नव्हती.

‘दोन सख्यांची गोष्ट आहे,’ ती म्हणाली. ‘राजवाड्यांतली.’

‘बघ. मला वाटलंच,’ म्हणून हरिप्रसादराव खूश होऊन खाली उतरले. कनकलता तिथेच भिंतीला टेकून बसली. आपणच आपल्या हाताने विहिरीत उडी घेतली हे तिला कळत होतं, पण आता ओरडायचं कोणाला?

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. कनकलताने कामाक्षीला सांगून पाहिलं होतं, ‘तूं नको येऊं. खांदा दुखेल बसून.’ कामाक्षी हसली होती. ‘उभी राहिलें मी आणि बघायचं तुम्हीं अस्क्यांनी, सगळ्या गांवानें? सेरि, बरं, कनकम, मी मागे बसेन.’ आणि ती खरंच अगदी शेवटच्या रांगेत, तमिळ शेजाऱ्यांच्यात जाऊन बसली. कनकलताला पुढे बसवलं होतं, अण्णा आणि वरलक्ष्मीवहिनींच्या मध्ये, कारण शाल तिला मिळायची होती.

सिनेमा सुरू झाला तशी हॉलमध्ये जत्रा भरली. इथले लोक गप्प बसून सिनेमा बघत नाहीत. ‘अरे, तो आपला संगीत महाल,’ कोणी ओरडलं. ‘तें भांडं आमच्या आजोळीं होतं,’ एक म्हातारी म्हणाली. पुण्याचं मराठी फार पळतं अशी तक्रार झाली, आणि ज्याला जेवढं कळलं तेवढं तो शेजाऱ्याला तमिळमधून सांगू लागला. राणी दिसायला कशी, तिचे दागिने खरे की खोटे, दासी जरा काळीच आहे पण डोळे छान, असं सगळं मोठ्याने चाललं होतं. इतक्या आनंदात तिने आपली माणसं फार दिवसांनी पाहिली होती. म्हणूनच तिला अधिक भीती वाटत होती.

तो प्रसंग आला. राणी आरशासमोर उभी. दासी गुडघ्यांवर बसून निऱ्या सारख्या करते, मान वर करते आणि म्हणते, ‘श्वास सोड.’

हॉलमध्ये हशा फुटला, टाळ्या पडल्या. ‘आमची टीचर,’ मागून आवाज आला. ‘कनकाक्काचंच हें,’ बायका एकमेकींना कोपरं मारत म्हणाल्या. वरलक्ष्मीवहिनींनी तिच्या मांडीवर थाप मारली. आजूबाजूच्या कित्येक माना वळल्या, हसून तिच्याकडे बघू लागल्या. आणि ते सगळे तिच्याकडे बघत असतानाच पडद्यावर दासीने राणीच्या कमरेला कपाळ टेकलं. राणीचा हात तिच्या केसांवर आला. मग राणी खाली वाकली.

टाळ्या हातातल्या हातात राहिल्या. कुठेतरी स्टीलचा पेला पडून गडगडत गेला. एक तरुण मुलगा फिस्सकन हसला, कोणीतरी खाकरलं. माना परत पडद्याकडे वळल्या, पण सगळ्या नाही. काही तिच्याकडेच राहिल्या. कनकलताने पदर घट्ट ओढून घेतला. आपण कपड्यांवाचून बसलो आहोत असं तिला वाटत होतं. अण्णांकडे बघायची तिची छाती झाली नाही. कडेने त्यांचे गुडघ्यांवर ठेवलेले हात तेवढे दिसत होते, आणि ते हलत नव्हते.

‘पुरे. लाइट लावा,’ मागून पुरुषाचा आवाज आला. ‘पोरंबाळं आहेत येथें.’ दोन-तीन कुटुंबं उठून चालू लागली. ‘असलं आपल्यांत कधी होतं काय?’ एक जण. ‘पुण्याच्यांचीं थेरं,’ दुसरा. अखिला नावाची एक कॉलेजातली मुलगी मात्र हुंदके देऊन रडत होती, आणि तिची आई तिचा दंड धरून तिला गप्प करत होती. हरिप्रसादराव घामाघूम होऊन प्रोजेक्टरवाल्याकडे धावले. पडदा पांढरा झाला. भांड्यावाली म्हातारी म्हणाली, ‘पण पुढें काय झालं त्या पोरींचं?’

हरिप्रसादरावांनी माइक घेतला. अब्रू सभेची होती आणि बोलावणं त्यांचं. ‘चूक झाली,’ ते म्हणाले. ‘आम्हांस फसवलं. आपल्या कनकानें फक्त नेसण दाखविली, बाकी त्यांनीं घुसडलं. तीच सांगेल. कनका, वर ये.’

पायऱ्या कशा चढली ते तिला आठवत नाही. हातात माइक आला. समोर दिव्यांच्या उजेडात सगळे चेहरे, तिने ज्यांना नेसवलं त्या बायका, तिने ज्यांना शिकवलं त्या पोरी, पहिल्या रांगेत अण्णा, आणि शेवटच्या रांगेत, खांद्यावर पदर ओढून बसलेली कामाक्षी. एक वाक्य नीट बोललं की सगळं वाचणार होतं. घर वाचणार होतं, वरची खोली वाचणार होती, कामाक्षी तिथेच राहणार होती. असंच तिला वाटलं.

‘मी फक्त नेसण शिकविली,’ ती म्हणाली. आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत निघाला, तिलाच नवल वाटलं. ‘बाकीचं मला ठाऊक नाहीं. आपल्यांत तसलं कांहीं नसतं.’

केवढ्या टाळ्या पडल्या. लोकांना हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटलेल्या माणसांच्या टाळ्या जोरातच असतात. हरिप्रसादरावांनी शाल तिच्या खांद्यांवर घातली. टाळ्यांच्या वरून तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं तर ती खुर्ची रिकामी होती.

संध्याकाळी दोघी घरात होत्या, पण कामाक्षी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने रसम केलं, वाढलं, ताटं विसळली. आणि झोपायला ती शेजारच्या खोलीत गेली, त्या कॉटवर. कनकलता आपल्या पलंगावर डोळे उघडे ठेवून पडून राहिली. आपण घर वाचवलं असं ती स्वतःला सांगत राहिली, पण ते तिला पटेना.

सकाळी ती उठली तेव्हा शेजारच्या खोलीतली चादर खरोखरच चुरगळलेली होती आणि कामाक्षी बॅग भरत होती. साडी तिने स्वतःच गुंडाळली होती, वेडीवाकडी, निऱ्या एका बाजूला गेलेल्या.

‘कोठें निघालीस?’

‘पापनाशमला. भाच्याकडे.’

‘कामाक्षी, मी तें भिऊन बोललें. तुला काढतील म्हणून भ्यालें. तूंच सांग, दुसरं काय बोलायचं होतं मी?’

कामाक्षीने बॅगेची चेन ओढली. दुखऱ्या हाताने ती अर्ध्यात अडकली, तिने दुसरा हात लावला. ‘मला राग नाहीं, कनकम. सरळ हिशेब आहे. आपल्यांत तसलं कांहीं नसतं, तर मी येथें कोण? भाडेकरू. भाडेकरू जातात.’ आणि मग म्हणाली, ‘मी मागे बसलें तें चाललं. नाहींच म्हणालीस, तें नाहीं चालत.’

ती जिना उतरू लागली. कनकलता मागे धावली, आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर तिचे पाय थिजले. खालून हरिप्रसादरावांचा आवाज येत होता.

पडवीत ते आणि सभेचे एक सभासद बसले होते. समोर अण्णा, पेपर मांडीवर. वहिनी काफीचे पेले ठेवत होत्या. तमिळ पेपराचा बातमीदार येणार होता, त्याला कनकाने कालचंच परत सांगावं, म्हणजे सभेचं नाव स्वच्छ राहील, असं हरिप्रसादराव समजावत होते. बॅग घेतलेली कामाक्षी पाहून ते थांबले.

‘सिस्टर, कोठें?’

‘गांवीं जातें. भाच्याकडे राहीन आतां.’

हरिप्रसादरावांनी मान हलवली. ‘बरं झालं,’ ते अगदी सहज म्हणाले. ‘सध्या थोडे दिवस बरंच आहे तें. काल कोण कोण काय काय बोलत होते, उगाच कशाला?’

म्हणजे लोक बोलत होतेच. तिने माइकवर सांगून, शाल पांघरूनही. कनकलता जिन्यावर कठडा धरून उभी होती. अण्णांनी चष्म्यावरून आधी कामाक्षीकडे पाहिलं, मग बॅगेकडे, मग वर तिच्याकडे. ज्या बघण्याला ती जन्मभर भ्याली तेच ते बघणं होतं. काल माइकवर निघालेला तो खणखणीत आवाज आज कुठे गडप झाला होता कोण जाणे. कामाक्षी पडवीची पायरी उतरत होती. आणखी दोन पावलांत ती रस्त्यावर गेली असती.

‘ती कोठें जात नाहीं,’ कनकलता म्हणाली.

कोणालाच नीट ऐकू गेलं नाही. तिने कठडा सोडला, खाली आली, आणि पुन्हा म्हणाली. ‘ती कोठें जात नाहीं. हरिप्रसादराव, काल मी खोटं बोललें. पोस्टर वाचलं तेव्हांही खोटंच बोललें. सिनेमांत दाखवलं तें मीच शिकवलं. कपाळ टेकायचं तेंही. मी हिला रोज तशीच नेसवतें.’

दोन्ही हात तिने पदरात गुंडाळून घेतले. वहिनींच्या हातातला पेला तसाच राहिला. आता झालं, संपलं सगळं, एवढंच तिच्या मनात होतं.

हरिप्रसादराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ‘अनिरुद्धराव,’ ते म्हणाले, ‘ऐकलंत तुम्हीं?’

‘ऐकलं,’ अण्णा म्हणाले. ‘मी ह्याच घरांत राहतों, हरिप्रसाद. इतकीं वरसं काय कान बंद करून राहिलों?’

एवढी मोठी दोन वाक्यं अण्णांच्या तोंडून सलग निघालेली कनकलताने ऐकली नव्हती. हरिप्रसादरावांनीही ऐकली नसावीत. ‘तुम्हांस ठाऊक होतं? आणि तुम्हीं कांहीं बोललां नाहींत?’

‘सिस्टर, बॅग वर ठेवा,’ अण्णा म्हणाले. ‘आधीं काफी घ्या. निवते.’ मग त्यांनी हरिप्रसादरावांना उत्तर दिलं, पण बघत होते ते बहिणीकडे. ‘ती भ्यायची. मी कांहीं बोललों तर आणखी भिईल, म्हणून बोललों नाहीं.’

हरिप्रसादराव गेले. जाताना म्हणाले की तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, नातीचं लग्न आहे, नेसवायचं काय ते आता बघावं लागेल. दुसरे सभासद काफी संपवून मग गेले. वहिनींनी कामाक्षीच्या हातून बॅग काढून घेतली आणि भिंतीशी ठेवली. कामाक्षी पडवीच्या कठड्यावर बसली, वेडीवाकडी साडी सावरत. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

कनकलता अजून उभीच होती. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिला आला तो राग, इतका की तिचा श्वास लागला. रोज विस्कटलेली चादर, रोज दाबलेली उशी, जिन्यावरचं प्रत्येक पाऊल, आणि हा माणूस खाली खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

‘अण्णा,’ ती म्हणाली, ‘एकदां तरी मला सांगायचं होतंत.’

अनिरुद्धरावांनी चष्मा काढला. धोतराच्या टोकाने पुसला, परत लावला, पुन्हा काढला.